भोकर आणि उसनी जीभ

परवा इंदापूरच्या बाजारात भोकरं दिसली आणि मी भर रस्त्यात थांबलो. माझ्यामुळं मागचा टेम्पो थांबला, टेम्पोमुळं ट्रॅक्टर थांबला. ट्रॅक्टरवाल्यानं माझ्या घराण्याविषयी जे उद्गार काढले ते मला पुरते ऐकू आले नाहीत, कारण तोवर मी रस्त्याकडेला पसरलेल्या गोणपाटापुढं उकिडवा बसलो होतो. हिरवीगार, टपोरी, घोसासकट उतरवलेली भोकरं. प्रत्येकाच्या डोक्यावर देठाची इवलीशी टोपी. शाळेच्या फोटोला बसवलेली पोरं दिसतात तशी ती दिसत होती, दाटीवाटीनं आणि जरा गोंधळलेली.

शेजारी एक पोरगी स्कूटरवरून न उतरताच विचारत होती, "मावशी, ही हिरवी चेरी हाय का?"

"चेरी न्हाय बाई, भोकर."

"गोड असतंय?"

"न्हाय."

"मग आंबट?"

"न्हाय."

"मग कशाला खायचं?"

उत्तर द्यायचा मान खरं तर विकणारीचा. पण गप्प बसणं हा माझा पिंड नाही. मी सरकारी कचेरीत नोकरी करतो, पण तालुका मला ओळखतो तो लग्नातला निवेदक म्हणून. हातात माईक नसला तरी माझा आवाज माईक असल्यासारखाच निघतो. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि भोकराच्या झाडाच्या मुळापासून सुरुवात केली. खोडाशी पोचलो तेव्हा अजून दोघी बायका येऊन थांबल्या. मोहराशी पोचलो तेव्हा विकणारी मावशी पदर झटकत उठली आणि म्हणाली, "दादा, तुमी बोलताच हाय तर मी च्या पिऊन येते."

आणि ती खरंच गेली. ती परत येईपर्यंत गोणपाट निम्मं रिकामं झालं होतं. स्कूटरवाल्या पोरीनंही पिशवीभर भोकरं नेली. पण माझ्या भाषणानं तिचं समाधान झालं असावं असं वाटलं नाही. बारामतीला परत येताना तिचा प्रश्न माझ्या शेजारच्या सीटवर बसून आला. मग कशाला खायचं?

प्रश्न रास्तच आहे. कैरीला स्वतःचा आंबटपणा आहे, चिंचेला तर नुसत्या नावावर तोंडाला पाणी आणायची ताकद आहे. भोकराकडं काय आहे? कच्चं चावलं तर तुरट म्हणावं, पण तेही धड नाही. आत नुसता चीक. बोट लावून ओढलं की लांबच लांब तार निघते. पिकलं की अंगावर गुलाबट पिवळी छटा येते आणि ते जरा गोडसर लागतं. पण ते गोड लागलं हे सांगायला तोंड उघडावं तर ओठ एकमेकांना चिकटलेले असतात.

आमच्या पणदऱ्यात मी लहान असताना भोकर हे फळ नव्हतंच मुळी, ती डिंकाची बाटली होती. जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमाराला भोकरं पिकलेली असायची. नव्या पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घालायची, त्यावर नावाची चिठ्ठी लावायची. पिकलं भोकर फोडायचं, कागदावर रगडायचं, चिठ्ठी दाबायची. बास. चिठ्ठी अशी बसायची की वर्ष सरलं, पुस्तक फाटलं, तरी नाव जाग्यावर. फक्त एक अडचण होती. रस गोड असल्यामुळं मुंग्यांनाही शिक्षणाची गोडी लागायची. माझ्या भूगोलाच्या पुस्तकातून मुंग्यांची रांग निघून पुढच्या बाकावरच्या मुलीच्या वेणीपर्यंत गेलेली मी पाहिली आहे. लग्नसराईत पत्रिकांची पाकिटं भोकरानंच बंद व्हायची, आणि नागपंचमीच्या पतंगाला शेवटची उरलीसुरली भोकरं कामी यायची. ज्या पतंगाला ती मिळायची नाहीत त्याला शिळ्या भाताची खळ. भाताचा पतंग आणि भोकराचा पतंग यांत काय फरक असतो, ते ज्यानं दोन्ही उडवलेत त्यालाच विचारा.

लग्नानंतर भोकर मला दुसऱ्यांदा भेटलं ते लासुर्ण्याला, सासुरवाडीत. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो, सासूबाईंना मामी. मामांच्या घरात एके काळी मेंढरं होती. मामांनी पोरवयात कळपामागं पायपीट केलेली. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. मेंढरांच्या वाड्याच्या जागी पत्र्याची शेड उभी राहिली आणि शेडमध्ये ट्रॅक्टर. मात्र वाड्याच्या कोपऱ्यात भोकराचं झाड होतं ते तसंच राहिलं. त्याचा पाला मेंढरं खायची, सावलीला कोकरं बसायची. ट्रॅक्टरला यातलं काहीच लागत नाही, पण मामांनी झाडाला हात लावू दिला नाही. त्यासाठी त्यांनी काही भाषण केलं असंही नाही. मामा अख्ख्या दिवसात जेवढं बोलायचे तेवढं मी एका आंतरपाटामागं बोलतो.

त्या घरानं मला भोकर खायला शिकवलं. फाल्गुनात मोहर यायचा, पांढुरका, बारीक. मामी तो खुडायच्या, उकडून घट्ट पिळायच्या आणि भरपूर लसूण नि भिजवलेली डाळ घालून परतायच्या. बाजरीची भाकरी आणि भोकराच्या मोहराची भाजी. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी ताटावरूनच घोषणा केली, "अप्रतिम!" मामी पदराआड हसल्या. मामा खाली मान घालून जेवत राहिले. आणि वैशाख संपता संपता यायचं ते लोणचं. लोणचं घालायच्या दिवशी मी कधी तिथं नसायचो. मला आयती बरणी मिळायची, वर फडकं बांधलेली. जावयाला बरणी कशी भरली हे बघायचं कारण नसतं. त्यानं फडकं सोडायचं आणि वा म्हणायचं.

तो एक उन्हाळा सोडून. त्या उन्हाळ्यात मी एका बाईची जीभ होतो.

त्याच्या आदल्या वर्षी करोनाच्या साथीत मामा गेले. मामींनाही तोच ताप होता. त्या वाचल्या, उठल्या, हिंडू फिरू लागल्या. पण नाकाचा वास गेला तो गेलाच आणि वासामागोमाग तोंडाची चव गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. दिवाळी झाली, संक्रांत झाली, चव आली नाही. मग एका दुपारी माझ्या मेहुण्याचा, बाळूचा फोन आला.

"दाजी, आई जेवंना."

"म्हणजे? जेवतच नाही?"

"बसती ताटावर. चतकोर भाकर मोडती, आन उठती. म्हणती भुस्सा खाल्ल्यावानी लागतंय. लुगड्याची गाठ किती आत सरकलीया बघा तुमी येऊन. डॉक्टर म्हणतो, खाल्लं न्हाय तर औषध काय करणार?"

फोन स्पीकरवर होता. सुरेखानं, माझ्या बायकोनं, तव्यावरची चपाती तशीच टाकली. दुसऱ्याच दिवशी आम्ही लासुर्ण्यात होतो.

मामी बाजेवर बसल्या होत्या. मी ज्या बाईला कधी बसलेली पाहिलं नव्हतं, ती बाई भिंतीला पाठ लावून बसली होती. समोर भोकराचं झाड घोसांनी लवलेलं, आणि मामी त्या झाडाकडं न बघता भलतीकडंच कुठंतरी बघत होत्या. सुरेखानं विषय काढला. "आई, भोकरं तयार झाल्यात. घालायचं न्हाय का लोणचं?"

"न्हाय."

"का पर?"

"मला चव कळंना, वास कळंना. लोणचं काय मापानं हुतं व्हय? लोकास्नी काय इख घालू?"

"चव आम्ही सांगतो की."

"कोण सांगणार?"

इथं जी चूक झाली ती आमच्याकडच्याच माणसांनी करावी. चव बघायची म्हणजे पहिला घास. पहिला घास म्हणजे मान. आणि घरात जावई बसलेला असताना मान दुसऱ्या कुणाचा? बाळू म्हणाला, "दाजी हायत की!" त्याची बायको वैशाली म्हणाली, "दाजीच!" मी तर छाती पुढं काढून तयारच. एकटी सुरेखा माझ्याकडं संशयानं बघत म्हणाली, "ह्यांना? ह्यांना नुसत्या पाण्याला फोडणी देऊन दिली तरी हे टाळ्या वाजवतील." पण तिचं कोण ऐकतंय. मामींनी मान हलवली नाही, नकारही दिला नाही. आम्ही तो होकार समजलो.

भोकरं उतरवायचं काम बाळूनं आणि मी केलं. मी पांढरा शर्ट घातला होता हे इथं सांगून ठेवतो. पुढं त्याच्याविषयी काही विचारू नका. अंगणात ताडपत्री टाकून आम्ही बसलो. भोकर वरवंट्यानं हलकं ठेचायचं, ते उकललं की आतली बी काढायची. वाचायला सोपं आहे. बी निघते, पण बोट सोडत नाही. बोटाची बी दुसऱ्या बोटानं काढावी तर ती त्या बोटाला. मी हात झटकला तर बी बाळूच्या मिशीला. तेवढ्यात माझा फोन वाजला, कुणाच्या तरी वरमाईचा. फोन कानाला लावला, बोलून झालं, फोन कानाचा निघेना. वैशाली तोंडात पदर कोंबून आत पळाली. मी म्हटलं हात धुवून घेऊ, म्हणून बादलीत हात घातले. त्यासरशी हाताचा चीक बादलीभर झाला. तेच पाणी मी भोकरांवर ओतलं. आता परातीतली सगळी भोकरं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसली. अख्खी परात एका भोकराला धरून उचलता आली असती.

"मीठ लावा हाताला, पावनं."

बाजेवरून आवाज आला.

"पाणी न्हाय लावायचं फोडल्यावर. आदी धुवायचं, पुसायचं, मग फोडायचं. बोटास्नी मीठ लावा, बी आपसूक सुटंल." मग जरा थांबून, "त्यो वरवंटा हाय का घण? चेचा झाला त्याचा समदा. सरका तिकडं."

आणि मामी बाजेवरून उठल्या. भूमिपूजनं, उद्घाटनं, सत्कार अशा कितीतरी प्रसंगी 'हा ऐतिहासिक क्षण' असं मी माईकवरून म्हटलं असेल. खरा क्षण आला तेव्हा माझे दोन्ही हात एकमेकांना चिकटले होते, त्यामुळं नमस्कार आपोआपच घडला.

मामींच्या हातात भोकर म्हणजे बघत राहावं. मिठात बुडवलेलं बोट आत गेलं की बी चिकासकट टपकन् बाहेर. फळ मात्र अखंड, फक्त एका बाजूनं उघडलेलं, जणू बोलायला तोंड उघडलंय. त्या तोंडात भरायचा मसाला: मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट, मीठ, आणि चिकाचा माज उतरवायला किसलेली कैरी. मसाला भाजायला मामी चुलीपुढं बसल्या, वैशाली शेजारी. आम्ही अंगणात शर्ट खरवडत बसलो.

मग मामी परात घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या सासूनं घालून दिलेला एक नियम होता: जिचा हात बरणीत, तिनं चव बघायची नाही, ज्यानं चव बघितली, त्यानं बरणीला शिवायचं नाही. तोंडाचा हात लागला तर लोणचं नासतं. म्हणून मसाला वरून, न टेकवता, माझ्या तळहातावर पडला. सगळं घर माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी डोळे मिटले, चिमूट जिभेवर ठेवली.

कडू. मेथी करपली होती. साधी नाही, कोळसा झाली होती. कडवटपणा जिभेवरून घशात आणि घशातून थेट कानापर्यंत गेला.

मी डोळे उघडले. समोर ती वाळलेली बाई, इतक्या महिन्यांनी उभी राहिलेली. मी म्हणालो, "अप्रतिम!"

"मीठ?"

"उत्तम."

"हिंग?"

"वा! वा!"

"मेथी?"

"मामी, मेथी तर, म्हणजे, काय सांगू, लाजवाब!"

मामींनी परात बाळूपुढं केली. त्यानं चाखलं, डोळे पाणावले, म्हणाला, "झ्याक." वैशाली म्हणाली, "तुमी घालाल त्याला काय नाव ठिवायचं, आत्या." सुरेखा आईचा हात धरून नुसती मान हलवत राहिली. मामींनी एकेकाकडं बघितलं. मग परातीवर फडकं झाकलं, परात कोनाड्याशी ठेवली आणि परत बाजेवर जाऊन भिंतीला टेकल्या. संध्याकाळी त्यांनी चतकोरही मोडली नाही.

"चुकलं कुठं?" मी सुरेखाला विचारलं. आम्ही झाडाखाली उभे होतो. खाली पडलेल्या भोकरांनी चप्पल दर पावलाला जमिनीला चिकटत होती.

"तुम्हाला ठाऊक आहे का, लोणच्याची चव कोण बघायचं?" ती म्हणाली. "अण्णा."

"मामा? ते तर बोलायचेच नाहीत."

"त्या एका दिवशी बोलायचे. आई चिमूट हातावर टाकायची. ते चाटायचे, वर आभाळाकडं बघायचे आणि म्हणायचे, मीठ निजलंय. आई मीठ घालायची. परत चाटायचे. मोहरी लईच भांडतीया. आई कैरी घालायची. हिंग उगंच पुढं पुढं करतंय. मग आई जी चिडायची! म्हणायची, तुमीच घाला ह्या खेपंला, मी चालले माहेराला. सगळा दिवस भांडण. आणि शेवटी ते म्हणायचे, 'आता नांदतील.' की बरणी भरायची."

'मीठ निजलंय' असं एकही वाक्य मला निवेदनाच्या उभ्या आयुष्यात सुचलं नव्हतं, आणि ते सुचलेला माणूस माझ्या शेजारी बसून वर्षानुवर्षं मुकाट जेवला होता. पण मला त्याहून मोठी गोष्ट कळली ती वेगळीच. त्या घरात खोट काढायचा हक्क एकट्या मामांना होता. सून भीतीनं काढणार नाही, लेक मायेनं काढणार नाही, लेकाला तिखटापलीकडं काही कळत नाही, आणि जावयानं नावं ठेवणं तर रीतीतच बसत नाही. मामींची चव गेली ती तापात. त्यांच्याशी भांडणारं माणूसही गेलं होतं, आणि उरलेले आम्ही सगळे त्यांना जपत होतो. गोडगोड, मऊमऊ, बेचव.

सकाळी मामी तोंड धुऊन बाजेवर बसत होत्या, तोच मी समोर जाऊन उभा राहिलो.

"मामी, मेथी करपलीय."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. वैशाली असावी.

"लोणचं कडू झालंय. कडूजहर. काल मी खोटं बोललो. तो मसाला टाकून द्यावा लागंल."

सुरेखा दारात आली. बाळू ट्रॅक्टरवरून उतरता उतरता तसाच लोंबकळत राहिला. मामी माझ्याकडं बघत होत्या.

"आन कैरी?"

"कैरी कमी पडली. आंबटपणाचा पत्ताच नाही."

"मीठ?"

"मीठ दिसलंच नाही मामी. कडूला घाबरून कुठंतरी लपलंय."

मामींच्या ओठाचा एक कोपरा हलला. "मला वास येत न्हाय पावनं, पर डोळं हायत की. मेथी काळी झाल्याली मी चुलीवरच बघितली. म्हटलं, बगू, घरात कोण सांगतंय." त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. "कुणीच न्हाय. मग म्हटलं, आता काय, समदी आपल्याला पोरावानी खेळवायला लागली. त्यांचा दोष न्हाय. पर मग कशासाठी उठायचं माणसानं?"

मामी उठल्या, पदर खोचला. "वैशाली, नवी मेथी काढ. आन पावनं, तुमी चुलीपशी बसा. जीभ दिलीया, आता नाक बी द्या."

त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं निवेदन केलं, आणि ऐकायला माणसं किती, तर घरची चार. मेथी तव्यावर पडली. मी आवाज लावला. "मेथी मैदानात उतरलेली आहे! अजून कच्चा, गवताचा वास. हळूहळू, हळूहळू रंग बदलतोय. आता... आता वास खमंगाकडं निघालाय. मामी, हलवा! खमंग आला! दारात आला! आता उतरवा! उतरवा!" मामींनी तवा उतरवला आणि म्हणाल्या, "वरडू नगासा, मेथी करपली न्हाय, मी भैरी झाले." मोहरीच्या डाळीला मी म्हटलं, ही जास्त झाली, नाकात जातीय. त्या म्हणाल्या, "जास्त न्हाय, तुमची जीभच शहरगावची." मी म्हटलं, जास्तच आहे. त्या म्हणाल्या, न्हाय. मी म्हटलं, मग मला कशाला विचारता? त्या म्हणाल्या, "विचारते म्हंजी ऐकलंच पायजे व्हय?" आणि कैरीची वाढीव मूठ परातीत घातली. बाळू उंबऱ्यावर बसून आमचं भांडण बघत होता. त्याच्या तोंडावर असं काही समाधान पसरलं होतं की जणू कॅनॉलला पाण्याची पाळी सुटलीय.

शेवटी तेल तापवलं, निववलं, बरणीत ओतलं. भोकरं तेलाखाली गेली, थोडी वर तरंगली, बुडबुडे सोडत स्थिरावली.

तेव्हापासून दर वैशाखात मला लासुर्ण्याहून बोलावणं येतं. जावई म्हणून येतं तसं नाही, कामगार म्हणून येतं. "भोकरं आल्यात. जीभ घिऊन या." मामींची चव थोडीफार परत आली असावी असा माझा संशय आहे. मागच्या खेपेला चहात साखर कमी आहे असं त्या माझ्याआधी म्हणाल्या. पण मी विचारत नाही. विचारलं आणि त्या 'व्हय' म्हणाल्या, तर माझी ही नोकरी जाईल. आणि असल्या मोलाची दुसरी नोकरी मला मिळालेली नाही. मला आजवर पुष्कळांनी ऐकलं, टाळ्या दिल्या, नारळ दिले, शाली दिल्या. एका माणसाला माझं खरं बोलणं हवं होतं. ते मामींनी मागून घेतलं, हे माझ्यावरचे उपकारच. आता लग्नात 'अप्रतिम' हा शब्द ओठावर आला की मी तो क्षणभर जिभेवर ठेवून बघतो. कधी कधी गिळून टाकतो. सुरेखा म्हणते, त्यामुळं मंगलाष्टकं वेळेत संपायला लागली आहेत.

आता त्या पोरीचं उत्तर. ते मला भाषणात देता आलं नाही, कारण ते बाजारात बोलायचं उत्तरच नाही.

त्या उन्हाळ्यात लोणचं मुरल्यावर आम्ही पुन्हा लासुर्ण्याला गेलो. दुपारची जेवणं. वैशालीनं बाजरीच्या भाकरी टाकल्या होत्या, लावून खायला मुगाचं कोरड्यास होतं, ताटाच्या कडेला भोकरं. मामींनी भाकरीचा तुकडा मोडला, एक भोकर उचललं आणि चावलं.

कुडुम.

शेजारच्या खोलीत ऐकू जावा असा आवाज. मामी थांबल्या. पुन्हा चावलं. पहिल्यांदा ताणलं जातं, मग कुडकन् फुटतं, मग सगळं बुळबुळीत होऊन दातांतून निसटू बघतं. त्या सावकाश, डोळे बारीक करून चावत राहिल्या.

"काय लागतंय का आई?" बाळूनं भीतभीत विचारलं.

"चव न्हाय लागत." मग दुसरं भोकर उचलत म्हणाल्या, "पर ह्याला सवताची चव हुतीच कवा? हे दातानं खायाचं फळ हाय. दातास्नी समदं कळतंय की."

कुडुम.

भाकरीचा चतकोर संपला. मग दुसरा. आम्ही चौघं आपापल्या ताटात बघत होतो. सुरेखाचा हात भाकरीवरच थांबला होता. बाळूनं पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता ठेवला. मला बोलायचं होतं. देवाशपथ, त्या क्षणावर मला अख्खा कार्यक्रम करायचा होता. मी तोंडात एक आख्खं भोकर घातलं आणि ते दातांखाली धरून गप्प बसलो.

मामींनी रिकाम्या ताटाकडं बघितलं. मग चुलीकडं बघत, कुणाला काही विशेष सांगत नसल्यासारख्या म्हणाल्या, "वैशाली, आर्धी भाकर आण गं. कडक बगून आण."